रविवारी रात्री मेस बंद

डिक्शनरी घेतली अप्पा बळवंत चौकातून,
एकशे दहा रुपयांना, कणा उसवलेली.
आत निळ्या शाईत: कु. मृणाल गद्रे, अकरावी क.
तिनं पहिल्या पानापासून रेघा मारत आणल्यात,
पट्टी लावून, सरळ,
थेट मॅट्रिमनीपर्यंत.
पुढची पानं कोरी.
रुखसार म्हणाली, उजवली असेल घरच्यांनी.
दोघी हसलो, आणि मग
तिथून पुढे मी पेन्सिल लावली.

नवी पेठ, अभ्यासिका, खुर्ची नंबर एक्केचाळीस.
रोज दहा शब्द.
खोलीवर पाठकोऱ्या प्रश्नपत्रिकांच्या चिठ्ठ्या:
आरशावर, गीझरवर, पोह्यांच्या डब्याला.
ॲग्लेट म्हणजे बुटाच्या नाडीचं टोक.
नाडीच्या टोकाचंही बारसं केलं या लोकांनी
आणि मामा, काका, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा,
सगळ्यांना घाऊक भावात एकच अंकल.

पण मग सापडला अव्हंक्युलर.
मृणालची रेघ होती त्याच्याखाली.
अर्थ दिलाय: अंकलसारखा, प्रेमळ.
शेजारी बारीक टायपात मूळ लॅटिन:
आईचा भाऊ.
म्हणजे कधीतरी त्यांच्यातही
मामा वेगळा होता,
अजून बसलाय शब्दाच्या बुडाशी.

माझा मामा भूमला मोटारी रिवाइंड करतो.
लिंबाजी मामा. बोटांना वार्निशचा वास,
तारेचे वेढे मोजताना कुणाला ओ देत नाही.
दोन तारखेला साडेतीन हजार पाठवतो
आणि रविवारी रात्री फोन:
‘काय करायलीस? आज कोन्ता सबूद?’

मी सांगते. तो उधारीच्या वहीत लिहून घेतो,
कुणाच्या तरी पंपाच्या बाकीखाली, देवनागरीत.
अल्ट्राक्रेपिडेरियन फार आवडला त्याला:
ज्यातलं कळत नाही त्यातलं बोलणारा.
‘आसले तर आमच्या पारावर धा-बारा हायेत,’
आणि दुसऱ्या दिवशी एकाला तोंडावर म्हणाला.
त्या माणसाला वाटलं, औषधाचं नाव.
बॉर्बोरिग्मस सांगितला,
रिकाम्या पोटाची गुरगुर,
तेव्हा जरा गप्प झाला.
मग: ‘यालाबी इंग्रजी हाय?
इंग्रजाला भूक लागती व्हय?’

बँकेचा निकाल लागला तोही रविवारीच.
इंग्रजीत तीसपैकी अठ्ठावीस.
गणितानं मारलं. टाक्या, नळ, बोटीचा वेग.
दीड मार्क.
रुखसारचं नाव होतं यादीत.
माझ्यासमोर हसायला नको म्हणून
ती बाथरूममधून घरी बोलत होती,
नळ सोडून.

साडेनऊला फोन वाजला.
‘काय करायलीस?’
खचलेल्या माणसासाठी माझ्याकडे
सव्वीस शब्द होते,
नुसत्या डीचेच नऊ, समोर आरशावर:
डिजेक्टेड, डोलफुल, डिस्कॉन्सोलेट,
मधल्या फटींतून माझा एक डोळा, थोडा कान.
जिभेनं एकही उचलला नाही.

मामा थांबला. तिकडे मोटार
टेस्टिंगला लावलेली, घुंघुं चाललेली.
ती त्यानं बंद केली.
‘आज ऐतवार,’ म्हणाला,
‘मेस बंद आसंल तुमची.
तुला बरबरीगमस झालंय.
आदी काय तरी खाऊन ये. मंग सांग.’

खाली उतरले. गांजवे चौकाशी
भुर्जीवाला गाडी आवरत होता.
पाव संपले, म्हणाला, चपाती चालंल का?
चालेल म्हटलं.
त्यानं धुतलेला तवा पुन्हा वर ठेवला.
वर बघितलं तर खिडकीत रुखसार,
डोळे लाल, दोन बोटं दाखवत होती.

दोन करा, म्हटलं.