लॉट नंबर

पत्र रजिस्टरनं आलं, कोथरूडच्या पत्त्यावर.
सुलभानं सही केली, लाइटबिलाखाली सरकवलं,
गवारी शिजेपर्यंत काही बोलली नाही.

«आपल्या छातीतील पेसमेकर ज्या लॉटमधील आहे
त्यातील काहींची बॅटरी मुदतीआधी उतरू शकते.
घाबरून जाऊ नये.
चक्कर आल्यास त्वरित यावे.»

लॉट. हा शब्द तर माझा.
भोसरीत एकतीस वर्षं मी लॉट तपासले.
हजारातले वीस उचलायचे, गेज लावायचा,
एक जरी हुकला तरी
अख्ख्या पेटीवर लाल पट्टी.
पेटीला काय वाटत असेल,
हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नव्हता.

बागवान मॅडमनी कॉलरबोनखाली चकती टेकवली.
पडद्यावर माझे ठोके
शिस्तीत, एकामागे एक, शिफ्ट सुटल्यासारखे.
"काका, तुमचं ठीक आहे. आज तरी."
मग त्याच चपापल्या, पेन शोधू लागल्या.
"काढून दुसरा बसवायचा, तर धोका त्यातच जास्त.
दर तीन महिन्यांनी दाखवा. कार्ड खिशात असू द्या.
मोबाइल डाव्या खिशात नको."

म्हणजे डेव्हिएशनवर पास.
अशा किती पेट्या मीच सोडल्यात,
खाली सही, तारीख,
आणि चहाला गेलोय.

मोबाइल आता उजवीकडे. बाकी सगळं तेच.
फक्त रात्री सुलभा पाण्याला उठते,
येताना माझ्या बाजूनं येते,
थांबते.

मी जागाच असतो.
तिला ऐकू जाईल इतपत
घोरतो.