माशी

पोट्टे मला माशी म्हणतात.
बैलाच्या पाठीवर माशी बसली की
तेवढंच कातडं थरथरतं, बाकी बैल निवांत उभा,
तसा माझा उजवा खांदा.
माझ्यावर माशी नसते, एवढाच फरक.

आधी कळतं.
हासळीच्या हाडाखाली काहीतरी अडतं,
अंगठ्याच्या सांध्याशी अडलेली बांगडी जशी,
ना पुढे, ना मागे.
खांदा उडाला की सुटते.
मग दुसरी चढायला लागते.

कासाराच्या पोटी हे असं.
आजा म्हणे, काच आणि नवरी,
दोघींपुढे हात हलता कामा नये.
शिकलो.
दर्यापूरच्या बाजारात बाई पुढ्यात बसते,
तिची बोटं दाबतो, चोळतो, हाडं मऊ होईस्तोवर,
अन् खांदा गप्प.
बारा बांगड्या, चोवीस. एक फुटत नाही.
"तुमाले तं काहीच नाई न भाऊ," ती म्हणते.
मी मान डोलावतो.
ती मान मात्र मीच डोलावलेली असते.

नागपूरला नळीत घातलं मला.
अंगावरचं लोखंड काढा म्हणाले,
मी काचेची पेटीसुद्धा बाहेर ठेवली.
आत मळणीयंत्राचा धडधडाट.
मधूनच आवाज: आता येऊ द्या.
मग: आता थांबवा.
घरचे आजवर फक्त दुसरं बोलले होते.

नंतर डॉक्टरीण बाईंनी पडद्यावर दाखवलं डोकं,
फोडलेल्या कवठासारखं.
खांदा उडतो तेव्हा खोल आत थोडंसं पेटलेलं.
थांबवतो तेव्हा कपाळामागे
कडब्याची अख्खी गंजी.
"हलताना नाही, थांबताना तुम्ही जास्त राबता."
मी बराच वेळ पाहत राहिलो.
तीस वर्षांची मजुरी
कोणीतरी पहिल्यांदा मोजत होतं.

दाबलेलं मागून दुपटीनं येतं का, विचारलं.
तसं मोजणीत सापडत नाही म्हणाल्या.
असेल.
बाजार उठल्यावर पराटीच्या आडोशाला
पेटी खाली ठेवून मी खांद्याला सोडून देतो,
तेव्हा त्या तिथं नसतात.

परवा येवद्याला नवरीचा चुडा भरत होतो.
तिचा लहान भाऊ पेटीशी आला.
डोळे मिटी, उघडी, नाक ओढी, पुन्हा डोळे.
"नीट पाह्य न रे, लोक हासून राह्यले,"
आईनं चापट मारली.
त्यानं श्वास धरला.
चेहरा एकदम कोरा, शहाण्या पोराचा.
मला दिसली गंजी,
दुसरीतल्या पोराच्या कपाळामागे, एवढी मोठी.

काही समजावलं नाही.
हिरव्या बांगड्यांची माळ त्याच्या हातात दिली.
"धर. हलली तं हलू दे. काच हाय, वाजंन."
नवरीचा हात क्षणभर सोडला.
खांदा उडाला भर मांडवात,
आणि पाठोपाठ
माळ वाजली.