जावळ

गाडी परत आली.
तिसऱ्यांदा.
मीटरवर दोनशे एकोणनव्वद मैल,
आणि टायरांवरचं रबरी जावळ
अजून तसंच, कारखान्यातून आलं तसं,
एक केस झडलेला नाही.

मी टोलीडोत एका शोरूमच्या मागे
गाड्या धुतो. अकरा वर्षं.
कुणी चालवली आणि कुणी नुसती ठेवली
हे मला पेडलच्या रबरावरून कळतं,
ब्रेकच्या तबकडीवरून,
सीटखाली काय सापडतं त्यावरून.
हिच्या सीटखाली काहीच नव्हतं.
बटाट्याची सुकलेली कांडी नाही, नाणं नाही,
कुणाची हेअरपिन नाही.

पहिल्यांदा आली तेव्हा मार्च होता,
रस्त्यांच्या कडेला मिठाचा चिखल.
निळी. आठ सिलिंडर. सहा गिअर, हाताने टाकायचे.
काचेवर कंपनीचा कागद: चौऱ्याहत्तर हजार.
शेजारी आमचा, पिवळा:
'बाजारभावानुसार फेरबदल', पंचवीस हजार.
तो मीच चिकटवला,
फुगा राहू नये म्हणून
अंगठ्याने दाबून दाबून.

त्या शनिवारी वॉल्टर प्रिबिल्स्की आला.
काचेच्या भट्टीवर एकतीस वर्षं काढलेला,
भुवया परत नीट उगवल्याच नाहीत कधी.
खिशात घडी घातलेली पावती,
दीड वर्षापूर्वी भरलेल्या हजार डॉलरची,
यादीत नाव पहिलं.
पिवळा कागद वाचला. चष्मा पुसला.
पुन्हा वाचला.
"फेरबदल," म्हणाला,
"माझ्यात करायचा की गाडीत?"
डेरिक हसला. सेल्समध्ये हसावं लागतं.
हजार डॉलर त्याच दिवशी परत दिले,
तेवढं मात्र चोख.

नेली ती दातांच्या डॉक्टर हडलस्टननी,
पंचवीससकट, खळखळ न करता.
नऊ आठवड्यांनी आणून दिली,
वर सहा हजार घेऊन गेले.
आम्ही त्यावर अकरा चढवले.
मग कोलंबसचा कुणी,
त्याने ती फोटोतच पाहिली, फोटोतच घेतली,
गोदामात ठेवली, बॅटरीला सलाइनसारखी वायर लावून.
भाव चढला नाही. ऑक्टोबरात ट्रकवरून परत.
नवऱ्याचं घर न बघताच
दोनदा माहेरी आलेली.

आता पिवळ्या कागदावर लिहिलंय 'जवळजवळ नवी'.
हा शब्द मी फडक्यासारखा पिळून पाहिला.
थेंबही निघाला नाही.

वॉल्टर आला तेव्हा मी चाकं पुसत होतो.
घ्यायला नव्हता आला.
पैसे गुडघ्यात गेले, म्हणाला,
डावा, टायटॅनियमचा, ऑगस्टपासून.
"त्यावर फेरबदल लावला का?"
"लावला असेल. बिल कुणाला वाचता येतं?"
मग थोडा वेळ नुसताच उभा.
मग, दुकानात भाव विचारावा तसं:
"नुसत्या आवाजाचे किती?"

डेरिक जेवायला गेला होता.
गाडीत पेट्रोल भरायचंच होतं, खोटं नाही सांगत.
मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली
आणि शेजारच्या सीटवर बसलो,
जिथे आजवर कुणी बसलंच नव्हतं.
नव्या गुडघ्याने त्याने क्लच दाबला,
हळू, दात आवळून.
एकदा बंद पाडली. शिवी घातली, पोलिशमध्ये.
दुसऱ्यांदा निघाली.

रेल्वेपुलाखाली त्याने काचा खाली केल्या.
तिसरा गिअर.
त्या आवाजाबद्दल मी काही लिहिणार नाही.
वॉल्टरही काही बोलला नाही,
फक्त वळून परत एकदा पुलाखालून नेली.

संध्याकाळी डेरिकने विचारलं,
हे चार मैल कसले?
पेट्रोल, म्हटलं.
पंप समोरच आहे, म्हणाला.
हो, म्हटलं.

मागच्या उजव्या टायरवरचं
वीतभर जावळ गेलं होतं.
सीटखाली पेपरमिंटचा कागद.
बाकी सगळी गाडी धुतली.
तो तेवढा राहू दिला.