यादीत नसलेली वस्तू

फेल्गेराशमधला बुटांचा कारखाना बंद पडला
तेव्हा लिलावाच्या यादीत एकशे चौदा वस्तू होत्या.
शिलाईयंत्रं, लाकडी साचे, गोंदाचे अर्धे डबे,
चामडं कापणारं मोठं यंत्र, त्याच्या शेजारचा संगणक,
भिंतीवरचं घड्याळसुद्धा.

डोंगल नव्हता.

डोंगल म्हणजे काय, तर खारकेएवढा करडा तुकडा,
संगणकाच्या पाठीत खुपसायचा.
त्यात ना गाणी, ना फोटो, ना कुणाचा हिशेब.
आतून विचारणा झाली की हजेरी द्यायची, बस्स.
त्याने हजेरी दिली की सुरी चालते.

ओदीलियाबाई बावीस वर्षं तिथे नमुने आखायच्या.
रोज दिवे मालवण्याआधी
तो उपसून एप्रनच्या खिशात टाकायच्या,
एकदा झाडूची काठी लागून वाकला होता म्हणून.
शेवटच्या संध्याकाळीही टाकला.
हाताला सवय.
तीन महिन्यांचा पगार द्यायची सवय मात्र
मालकाच्या हाताला राहिली नव्हती.

यंत्र घेतलं ब्रागाच्या एका माणसाने. मला बोलावलं.
पडद्यावर एकच ओळ : किल्ली सापडत नाही.
म्हणाला, कंपनीला फोन लावा.
कंपनी बुडून नऊ वर्षं झाली, साहेब.
मेलेल्या घरमालकाची परवानगी
रोज सकाळी मागतोय हा प्रोग्रॅम.

तो कुठे आहे, मला ठाऊक होतं.
आदल्या रविवारी बाईंकडे कॉफी प्यायलो होतो,
खिडकीत तमालपत्रांची बरणी,
पानांच्या आडून करडं काहीतरी.
मी केबल हलवल्या. टॉर्च मारला.
दोनदा "हं" केलं,
आणि मूग गिळून बिल लिहिलं : तपासणी, चाळीस युरो.
निघताना एवढंच बोललो,
जुन्या बायकांना विचारा,
पण रिकाम्या हाताने जाऊ नका.

पुढची घासाघीस माझ्या कानावर आली तेवढी सांगतो.
बाईंनी एकटीचं नाही मागितलं, अकराजणींचं मागितलं.
तीनाचे दोन महिने झाले.
रोख. पोस्टाशेजारच्या बाकावर मोजून.

सोमवारी ब्रागाहून फोन.
यंत्र झकास चाललंय, पण एक विचारायचं होतं,
ह्या डोंगलला कसलासा वास येतो,
रश्शासारखा,
आत काही जळत तर नाही ना?

म्हटलं, नाही.
जुना झाला की येतो.