हेळव्याची वाट

लाइटबिलाच्या पाठकोऱ्या बाजूला यादी करतोय.
गुंडाप्पा मापाडी, माझ्या आज्ज्याचा बा,
निपाणीच्या वखारीत तंबाखू तोलायचा.
एवढंच पक्कं.

डाव्या हाताला सहा बोटं.
संकेश्वरची आत्ती म्हणते, उजव्या.
मानमोडीच्या साली गेला म्हणतात,
म्हणजे अठरा साल.
आणि आज्ज्याच्या शाळेच्या दाखल्यावर
जन्म : एक जून एकोणीसशे एकवीस.
कुणीतरी खोटं बोलतंय,
मास्तर, नाहीतर मरण.

सगळं शोधायला गेलं की काहीच सापडत नाही,
म्हणून एकच प्रश्न ठरवलाय :
तो निपाणीत आला कुठनं?

बुधवारी चिक्कोडीची कचेरी.
जुने कागद मोडीत, नवे कन्नडात,
मी मधल्यामधी अडाणी.
मोडीसाठी नाडगौडा सर.
त्यांची नजर जाते आहे; बुधवारच्या आधी त्यांना गाठणे.
मापाडी हे आडनाव,
की हुद्दाच घरात राहायला आला?
त्यापुढं दोन प्रश्नचिन्हं.
घरात वजनकाटा कुणाच्याच आठवणीत नाही.

सगळ्यात खाली, बारीक अक्षरात : हेळवी.

सुगी झाली की यायचा, बैलावर बसून.
दारात थांबून एका दमात
आमच्या पिढ्या म्हणायचा, कन्नडात,
आणि आम्ही पोरं खिदळायचो,
आपलीच नावं त्याच्या तोंडी
पाव्हण्यासारखी वाटायची.
मोर्चे चालले होते त्या साली
बाबांनी त्याला उंबऱ्यावरनंच परत लावलं.
आमचं नाव तुझ्या वहीत नको, म्हणाले.
तो वाद घालत बसला नाही.
वही फडक्यात बांधली,
बैल वळवला.
घंटा मात्र बराच वेळ ऐकू येत होती,
चावडीपर्यंत, मग ओढ्यापर्यंत.

त्यानंतर आमच्या पानावर कुणी जन्मलं नाही.
माझं लग्न नाही, शर्वरी नाही.
पाच वर्षांपूर्वी बाबा गेले,
त्या वहीत ते अजून जिवंत असतील.

आता त्याचा मुलगा फिरतो म्हणे,
मोटारसायकलवर, गोकाककडनं.
जोंधळ्याचं एक पोतं, आईचं एक लुगडं
काढून ठेवायचं.
आणि बाबांचं काय सांगायचं, ते
त्याच्यासमोर उभं राहिल्यावर बघू.

शर्वरी शाळेतनं येते, कागद उचलते,
माझी यादी बघतच नाही.
उलटा करून सरळ वाचत जाते
ती वळणदार, गोल अक्षरं,
जणू घरातलीच.
आप्पा, ही बाजू बघितलीस का, म्हणते,
भरायची शेवटची तारीख
काल होती.