डावा मागचा पाय

आई बाळंतिणींना तेल लावायची,
कळव्यात, खारेगावात, पार विटाव्यापर्यंत.
मी म्हणाले होते, मला हे नको.
मग नौपाड्यात पतपेढीच्या काउंटरला
एकोणीस वर्षं नोटा मोजल्या,
ओल्या स्पंजला अंगठा लावून लावून.
पतपेढी बुडाली.
अंगठा राहिला.

"घोड्यांना मालिश?
बाळंतिणी संपल्या का गं जगातल्या?"

पुण्यात बारा दिवसांचा वर्ग होता.
सांगाड्यावर चिकटवलेली इंग्रजी नावं पाठ केली
आणि परतीच्या एसटीत एकेक सोलून काढली :
फरा. पुठ्ठा. बरगडीखालची ती जागा,
जिला आई 'रुसवा' म्हणते,
कारण तिथे बोट लागलं की बाळ रुसतं.

घोडबंदर रोडला घोडा फक्त नावात उरलाय
असं मलाही वाटायचं.
पण कोलशेतच्या मागे, खाडीच्या अंगाला,
काँक्रीटचा प्लांट आणि भंगाराचं गोदाम यांच्यामध्ये
यासीन मुकादमांचे पाच घोडे उभे असतात,
वरातीचे.
शेवंती त्यातली थोरली. पांढरी, चौदा वर्षांची.
पाठीवर किती नवरदेव बसले
याचा हिशेब मुकादमांनी ठेवला नाही,
पाठीने ठेवलाय.

पहिल्या दिवशी शिकवल्याप्रमाणे अंगठा रोवला.
तिने मान वळवून माझं कोपर धरलं, दातांत.
मुकादम विडीवरून नजर न काढता म्हणाले,
"दाबू नकोस. विचार."

मग नुसता हात ठेवून उभी राहिले.
डास. मागे येणाऱ्या ट्रकची पींपीं.
वीस मिनिटांनी तिचा खालचा ओठ सैल पडला,
तोंडात काही नसताना ती काहीतरी चघळली,
आणि अशी जांभई दिली
की मला तिच्या दाढा मोजता आल्या.

दुपारी कुत्री असतात.
तेविसाव्या मजल्यावरचा टॉफी,
गुळगुळीत लादीवर घसरून कंबर गेलेला.
गेटच्या वहीत वॉचमनने 'कामवाली' लिहिलं,
माझी पिशवी पाहून खोडलं, 'डॉक्टर' लिहिलं.
मी तेही खोडून 'मालिश' लिहिलं.
मग त्याने माझ्याकडे जसं पाहिलं
त्यावरून अलीकडे 'कुत्र्याचं' जोडलं.

रात्री आई माझा हात हुंगते.
"आज कोण?"
"घोडी."
"कुठे धरलंय?"
"डावा मागचा. पुठ्ठ्यापासून खाली."
ती डोळे मिटते, माझंच मनगट घेते,
वाकड्या झालेल्या बोटांनी दाखवते :
"वरून जाऊ नको. पोटाकडून ये.
आधी तळवा तापव.
घाई झालेली त्यांना कळते."

काल मानपाड्याच्या नाक्यावर वरात होती.
बेंजो, दिव्यांच्या छत्र्या, रात्रीचा काळा चष्मा घातलेला
नव्वद किलोचा नवरदेव.
सगळे मोबाईल त्याच्याकडे वर.
मी दुभाजकाच्या कडेने चालत होते, खाली बघत.

जरीच्या साडीतल्या एका काकूंनी विचारलं,
"तुम्ही कुणाकडच्या? मुलाकडच्या?"
"घोडीकडची," मी म्हणाले.

ऐकू आलं नसावं. त्या हसल्या, हातावर पेढा ठेवला.
पुढे शेवंती चालली होती.
महिनाभर नुसतं टोक टेकवणारा तो खूर
आता डांबरावर
सबंध पडत होता.