चेहरा उतरलाय का तिचा

पहाटे पावणेपाचला लीड्सच्या स्टुडिओत
हीटरसुद्धा दात वाजवत असतो.
मी ब्रश मांडते, स्पंज भिजवते,
आणि खुर्चीत येऊन बसते हेदर ऑल्ड्रॉइड,
हवामान सांगणारी. वय सत्तावन्न,
पडद्यावर सेहेचाळीस.

अकरा वर्षं हा चेहरा माझ्या हाताखाली आहे.
डाव्या भुवईतली सायकलवरून पडल्याची खूण,
नाकाच्या कडेची लाल शीर,
तिच्या नवऱ्याला नसेल इतकं मला पाठ.
आधी ते सगळं बुजवायचं,
मग त्याच जागी थोडी लाली काढायची,
नैसर्गिक दिसावं म्हणून.
पन्नास मिनिटं.

क्लाइव्हला चार.
टकलावर पावडर, दिवा चमकू नये इतपत.
त्याच्या डोळ्यांखालच्या पिशव्यांना
इथे अनुभव म्हणतात.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी हेदर म्हणाली,
"आज नको."
"पुरळ आलंय?"
"नाही. नकोच."

खरं सांगते, पहिला विचार तिचा आलाच नाही,
घरभाड्याचा आला.
उद्या सगळ्याच बायका नको म्हणाल्या
तर या पेटीचं मी काय करू?

दुसरा आला इचलकरंजीचा.
आई दारामागून: "थोडी पावडर तरी फास गं,
बघायला यायचेत ते."
फासली. हनुवटीपर्यंत गोरी झाले,
आणि ट्रे धरलेले हात तेवढे माझे राहिले.
नंतर निरोप आला, मुलगी बरी आहे, पण हात.

पन्नास मिनिटं मोकळीच होती, मी चहा केला.
अकरा वर्षांत मी तिला सर्वात जास्त वेळा
एकच वाक्य सांगितलंय: ओठ हलवू नकोस.
त्या दिवशी ते हलले.
आई ऑटलीच्या एका वृद्धाश्रमात असते, म्हणाली.
रविवारी मी जाते तर विचारते, बाई तुम्ही कोण?
पण सकाळी टीव्ही लागला की नर्सला सांगते,
ती बघ, ती माझी.
"म्हणून म्हटलं," हेदर कपात बघत बोलली,
"एकदा रविवारचं तोंड टीव्हीवर नेऊन बघू."

सहा वाजता ती तशीच उभी राहिली नकाशापुढे.
पेनाइन्सवर बर्फ, दुपारनंतर वारा,
डोंगरावरचा हमरस्ता शक्यतो टाळा.
स्वच्छ आवाज, बोट अगदी जागेवर.
मी मॉनिटरकडे बघत राहिले.
माझी एवढी सवय डोळ्यांना,
मलाही ती आजारी वाटली.

साडेसातपर्यंत एकसष्ट ईमेल.
डोरीन मोठ्याने वाचत होती,
मी मनातल्या मनात मराठी करत होते.
घरी काही झालंय का? झोपली नाही का?
आम्ही न्याहारी करत असतो, जरा भान ठेवा.
चेहरा उतरलाय का तिचा?

उतरला नव्हता हो.
चढवलाच नव्हता.

बर्फाबद्दल एकानेही लिहिलं नाही.
दुपारी तीनला सात ट्रक अडकले त्या रस्त्यावर,
बातमी क्लाइव्हने वाचली, पिशव्यांसकट.

नर्सचा फोन आला होता हेदरला, मला दिसलं.
कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून
ती बराच वेळ नुसतं हं, हं म्हणत होती.
काय झालं ते मी विचारलं नाही.

बुधवारी पावणेपाचला परत खुर्ची, परत दिवे.
आरशात ती, मागे मी,
माझ्या तोंडाला पाण्याशिवाय काही लागलेलं नाही
आणि त्यावर एक ईमेल आलेली नाही कधी.
"आज?" मी विचारलं.
तिने डोळे मिटले.
मी ब्रश उचलला, भुवईपाशी नेला,
ती सायकलची खूण
बुजवायची की नाही, तेवढं
ती बोलेपर्यंत थांबले.